आधी बुडाखालचं पाहा

परवा रात्री अमेरिकेतून बहिणीचा फोन आला. आवाज थोडा घाबरलेला, थोडा अभिमानाचा. "दादा, फोटो पाहिलास का?" मी म्हटलं, कसला फोटो? तर म्हणे, आधी बघ, मग बोलू. व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. बर्फाचा एक ढिगारा, आपल्याकडच्या सोयाबीनच्या कुटाराच्या ढिगाएवढा. खाली एक भोक. भोकातून दोन बूट बाहेर आलेले. आणि ते बूट माझ्या चौदा वर्षांच्या भाचीचे!

बहीण मिनेसोटात राहते. तिथला हिवाळा म्हणजे आपल्या कल्पनेपलीकडचा प्रकार. भाची तिथल्या स्काउटमध्ये आहे. पूर्वी या तुकड्या फक्त मुलांच्या असत. २०१९ च्या फेब्रुवारीपासून मुलींच्याही सुरू झाल्या आणि २०२५ साली संघटनेनं आपल्या नावातला 'बॉय' हा शब्दही काढून टाकला. तर या मुलींचं हिवाळी शिबिर होतं, आणि शिबिरातलं मुख्य काम काय, तर बर्फाचं घर स्वतः बांधायचं आणि रात्रभर त्यातच झोपायचं. बाहेर शून्याखाली अठरा अंश!

घर बांधायची रीत ऐकून मला मजा वाटली. याला म्हणतात 'क्विंझी'. इग्लू वेगळा. त्याला कडक बर्फाच्या विटा कापाव्या लागतात आणि त्यासाठी हात तयार लागतो. क्विंझीला एक फावडं पुरतं. भुसभुशीत बर्फ एका जागी ओढायचा, माणसाच्या उंचीचा ढीग करायचा आणि मग चक्क थांबायचं. तास, दोन तास. तेवढ्या वेळात बर्फाचे कण एकमेकांना चिकटतात आणि ढीग घट्ट होतो. मग बाहेरून सगळीकडे फूटभर लांबीच्या काटक्या खोचायच्या. आतून पोखरताना काटकीचं टोक दिसलं की हात थांबवायचा, म्हणजे भिंत सगळीकडे सारख्या जाडीची राहते. झोपायचा ओटा दारापेक्षा उंच ठेवायचा, कारण गार हवा जड असते, ती खाली उतरते आणि दारातून निघून जाते. छताला श्वासासाठी एक भोक. एवढं केलं की बाहेर कितीही थंडी असो, आत पारा शून्याच्या आसपास राहतो. कारण ताज्या बर्फात नव्वद टक्क्यांच्या आसपास नुसती हवाच असते, आणि कोंडलेली हवा म्हणजे उत्तम गोधडी.

बहीण सांगत होती, "त्यांच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं म्हणे, की थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. म्हणून आधी खाली दोन-दोन चटया घालायला लावल्या."

आणि मी फोनवर गप्प झालो. बहिणीला वाटलं, लाइन कट झाली. लाइन चालूच होती. पण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. आमच्याच गावात, रिठदला, २०१० सालच्या डिसेंबरात, आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. ती गोष्ट मी बहिणीलाही कधी सांगितली नव्हती. आज इथे लिहितो.

रिठद हे वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातलं गाव. माझा जन्म तिथला, थोडी शेती अजून आहे. मी नोकरीला जवळच्या एका कॉलेजात, विषय भौतिकशास्त्र. त्या काळात माझ्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेचं काम होतं. रासेयो म्हटलं की अनेकांना फक्त टोप्या आणि बॅनर आठवतात, म्हणून थोडं सांगतो. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि एका गावात सात दिवसांचं निवासी शिबिर असा तिचा साचा. शिबिर बहुधा हिवाळ्यात. पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री करमणूक. आमच्या भागात गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज यांच्यामुळे लोकांना खराटा-कुदळ घेतलेली पोरं नवी नाहीत. त्यामुळे गाव जेवणाखाण्याला कधी कमी पडू देत नाही.

त्या वर्षी शिबिरासाठी मी आपलंच गाव घेतलं. श्रमदानाला वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीनं भरायच्या, तोंडं शिवायची आणि नाल्यात विटांसारख्या एकाआड एक सांधे चुकवून रचायच्या. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता, नाल्याला डिसेंबरातही धार होती. पन्नास पोरं-पोरी गुडघाभर पाण्यात उभी राहून हसत-खिदळत काम करत होती. मला धन्य वाटत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी एक म्हातारे शेतकरी बंधारा बघायला आले. त्यांचं शेत नाल्याला लागूनच. त्यांना सगळे आबा म्हणायचे. बोलता बोलता म्हणाले, "पानी अडवता हे बेस आहे. पन रोह्यायचं काय करता? तुरीत रातभर उभे राह्यतात." रोही म्हणजे नीलगाय. हरभरा आणि तूर या दिवसांत त्यांना आणि रानडुकरांना मेजवानीच. म्हणून दिवस मावळला की गावातला बापई माणूस जेवून, कांबळं घेऊन शेतात जातो. याला जागल म्हणतात. शेतात एक खोपडी असते, तिच्यात बसायचं, अधूनमधून डबा वाजवायचा, आरोळ्या द्यायच्या, आणि पहाटे घरी येऊन पुन्हा दिवसाच्या कामाला लागायचं.

पोरांना उत्साह आला. "सर, आज आम्ही जागलीला जातो. आम्हीच खोपडी बांधतो." मलाही ती कल्पना आवडली. आठ पोरं निवडली. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "सर, आम्ही?" मी विचारही न करता म्हटलं, "मुलींनी शाळेतच थांबायचं." ती म्हणाली, "सर, बाबा गेल्यापासून आमच्या शेतात आईच जाते जागलीला. सोबत मी." मी काहीतरी पुटपुटलो आणि विषय बदलला. ते 'काहीतरी' काय होतं ते आता आठवत नाही. तिचं वाक्य मात्र आठवतं.

संध्याकाळी खोपडी उभी राहिली. चार बांबू, वरून निळी ताडपत्री, खाली जमिनीवर दुसरी ताडपत्री. पंधरा मिनिटांत काम तमाम. पोरांनी समोर उभं राहून फोटोही काढले. आबा आले, खाली वाकून आत डोकावले आणि म्हणाले, "पोट्टे हो, हे काय मांडलं? लगनाचा मांडव आहे काय?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, थंडी वरतून नाई येत, खालतून येते. आधी बुडाखालचं पाहा, मंग डोक्यावरचं." सगळे हसले. मीही हसलो. आबांनी त्यांच्या गंजीतल्या कडब्याच्या पेंढ्या न्यायला सांगितलं. पोरांनी चार-पाच पेंढ्या आणल्या आणि त्यातल्या निम्म्या ताडपत्रीवर, बाहेरून, शोभेला लावल्या!

मी दहापर्यंत तिथे होतो. मग शाळेत परत आलो, कारण बाकीच्या बेचाळीस जणांची जबाबदारी होती. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. खरं म्हणजे मला थंडी वाजत होती.

रात्री दोनच्या सुमाराला एक पोरगा धावत आला. "सर, चला लवकर. तो नीट बोलत नाहीये."

तो म्हणजे आमच्यातला सगळ्यात कामसू पोरगा. दिवस मावळेपर्यंत नाल्यात होता. जेवायच्या गडबडीत त्यानं पँट बदललीच नव्हती, ओल्या पँटवरच चादर गुंडाळून झोपला होता. खाली प्लास्टिक, प्लास्टिकखाली उघडी काळी जमीन, वर ताडपत्री. आठ जणांच्या श्वासाची वाफ त्या ताडपत्रीला लागून थेंब थेंब अंगावर पडत होती. त्याच्या सोबत्यांनी सांगितलं, "सर, मघाशी लई कुडकुडत होता. आता थांबलंय, म्हणून आम्हाला वाटलं बरं वाटतंय."

बरं वाटत नव्हतं. अंगात धुगधुगी राखायची शरीराची धडपड म्हणजे कुडकुडणं. ते थांबावं, माणूस झोपाळू व्हावा, जीभ जड व्हावी, म्हणजे शरीर हरायला लागलंय. आणि त्याला बर्फ लागत नाही. अंग ओलं असेल, वारा असेल, तर शून्याच्या बऱ्याच वरही हे होऊ शकतं. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या क्षणी मी, उष्णतेचं वहन, अभिसरण आणि प्रारण हे तीन शब्द दरवर्षी फळ्यावर लिहिणारा माणूस, त्याचे तळहात जोरजोरानं चोळायला लागलो.

मी पोचायच्या आधीच आबा शेजारच्या त्यांच्या खोपडीतून तिथे आले होते. त्यांनी मला बाजूला केलं. "चोळू नोका. आधी कोरडं करा त्याले." त्यांनी त्याचे ओले कपडे उतरवले, स्वतःचं धोतर नेसवलं आणि दोघांच्या मदतीनं त्याला आडवाच उचलून आपल्या खोपडीत नेलं. ती खोपडी मी त्या रात्री पहिल्यांदा नीट पाहिली. तुराट्यांचा सांगाडा, त्यावर कडब्याचा हातभर जाड थर. खाली पुन्हा कडबा, त्यावर पोतं, त्यावर वाकळ. आत शिरलो की गुडघ्यापर्यंत ऊब लागली. एका पोराला त्याच्याशेजारी वाकळीत घातलं. बाहेरच्या शेकोटीवर गुळाचं पाणी गरम केलं. त्याला गिळता येतंय याची खात्री करून घोट घोट पाजलं. पाऊण तासानं तो पुन्हा कुडकुडायला लागला. तेव्हा आबा म्हणाले, "आता वाचला." मला वाटलं उलटंच. पण बरोबर तेच होतं. उजाडायच्या आत जीप मिळवून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, दिवसभर ठेवून घेतलं, संध्याकाळी सोडलं.

पोरगा वाचला. पण ते श्रेय माझं नाही. चूक मात्र माझी, आणि ती त्याला बाहेर झोपवण्याची नव्हती, काही न शिकवता झोपवण्याची होती. एक जाणता माणूस समोर उभा राहून शिकवत होता, तेव्हा मी हसत होतो.

पुढच्या वर्षीपासून कॉलेजात नियम झाला. शिबिरार्थींनी सूर्यास्तानंतर शाळेच्या आवाराबाहेर जायचं नाही. त्या नियमाला सगळ्यात आधी हात वर केला तो मीच. घाबरलो होतो.

तेव्हापासून पाहतोय. शिबिरं होतात, चांगली होतात. वर्गखोलीत सतरंज्या, मंडपवाल्याच्या गाद्या, रात्री मोठा स्पीकर. बौद्धिकाला पाहुणे येतात, पर्यावरणावर बोलतात. शेवटच्या दिवशी पोरं रडतात, प्रमाणपत्रं घेतात. मी या सगळ्याची टर उडवत नाहीये. एकत्र राहणं, पन्नास जणांचा स्वयंपाक करणं, दुसऱ्या जातीच्या पोराच्या ताटाला ताट लावून जेवणं, हे शिकायला मिळतं आणि ते मोलाचं आहे. पण आपण त्याला 'हिवाळी शिबिर' म्हणतो, आणि त्यातला हिवाळा फक्त बॅनरवर असतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी वर्गात सहज विचारलं, की कोणाकोणाच्या घरचं माणूस रात्री जागलीला किंवा पाणी द्यायला शेतात जातं? अर्ध्याहून जास्त हात वर आले. मग विचारलं, त्यांच्यासोबत एक तरी रात्र कोण झोपलंय? पाच-सहा हात राहिले. म्हणजे ज्यांच्या बापाची रात्र तिथे जाते, त्या पोरांनीही ती पाहिलेली नाही. आईबापांनीच त्यांना दूर ठेवलंय. "तू शिक, तुला हे नको." त्यांचं चूक आहे असं मी कसं म्हणू? माझ्याही बापानं हेच केलं होतं.

बरं, ही रात्र संपलीय असंही नाही. आपल्याकडे गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आणि कडाक्याच्या थंडीची वेळ एकच. आणि शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षं काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, अशी आलटून-पालटून मिळत आली. रात्री एकला मोटर सुरू करायला जाणारा माणूस ओल्या पायानं, अंधारात, वाफ्यात उभा असतो. पायाखाली साप असू शकतो, पेटीत करंट असू शकतो. यावर उपाय म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ साली तिचा दुसरा टप्पा सुरू झाला, आणि काही ठिकाणी पंपांना दिवसा वीज मिळूही लागली. आनंदाची गोष्ट आहे. पण रोही आणि रानडुकरं काही सौर ऊर्जेवर चालत नाहीत. ती रात्रीच येतात.

आणि खोपडीचं काय? गेल्या तीसेक वर्षांत सोयाबीननं आमच्याकडे ज्वारीची जागा घेतली. सोयाबीनचं कुटार होतं, कडबा होत नाही. कडबा गेला, बैल कमी झाले, आणि खोपडीवर ताडपत्री आली. ज्वारीच्या धांड्याच्या आत भुसभुशीत गाभा असतो, त्यात हवा असते. दोन धांड्यांच्या मध्ये हवा असते. हातभर थर म्हणजे हातभर कोंडलेली हवा. मिनेसोटातला बर्फ जे काम करतो तेच काम! ताडपत्री पाऊस अडवते, वारा अडवते, पण ऊब धरायला तिच्यात जागाच नाही. त्या रात्री आमच्या पोरांनी जी चूक केली ती आता बरेच शेतकरीही करतात. ते अडाणी आहेत म्हणून नव्हे, कडबाच नाही म्हणून.

आता मूळ मुद्दा. बहिणीला मी विचारलं, "तुला भीती नाही वाटली? पोरीला उणे अठरात पाठवलीस?" ती म्हणाली, "वाटली ना. पण त्यांनी ऑक्टोबरपासून तयारी करून घेतली." आधी घरामागच्या अंगणात एक रात्र. मग कपड्यांचा धडा, की आत सुती कपडा नको, कारण तो घाम धरून ठेवतो. काम करताना घाम यायला लागला की एक कपडा उतरवायचा, थांबलं की चढवायचा. झोपण्याआधी सगळं कोरडं घालायचं. प्रत्येकीला एक जोडीदारीण, एकमेकींच्या बोलण्याकडे, चेहऱ्याकडे लक्ष ठेवायचं. क्विंझीच्या आत शेगडी पेटवायची नाही, कारण कोंडलेल्या जागेत तिच्या धुरातला विषारी वायू जीव घेतो. मोठी माणसं रात्रभर तिथेच. आणि शंभर पावलांवर एक गरम खोली, जिला नको वाटेल ती कधीही उठून तिथे जाऊ शकते, कोणी हसणार नाही.

म्हणजे धोका त्यांनाही दिसतो. धोका दिसला की ते तयारी वाढवतात. आम्ही धोका दिसला की कार्यक्रम रद्द करतो. आणि रद्द केल्यावर आपल्याला वाटतं, पोरं सुरक्षित झाली. झाली का? त्यातली निम्मी पोरं चार-पाच वर्षांत नोकरी न मिळाल्यानं शेतावरच परत येतात. तेव्हा ती रात्री शेतात जाणारच आहेत. तेव्हा त्यांच्यासोबत ना कार्यक्रम अधिकारी असणार, ना जीप. कुडकुडणं थांबलं म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसेल.

म्हणून माझं साधं म्हणणं आहे. आपल्या भागातल्या प्रत्येक हिवाळी शिबिरात एक रात्र शेतातली असावी. सातपैकी एकच. पण खोपडी पोरांनी स्वतः बांधावी, आणि ती गावातल्या जाणत्या माणसाच्या हाताखाली. त्याला त्या दिवसाचा 'प्रमुख पाहुणा' करावं, शाल-श्रीफळ त्याला द्यावं, आणि पाहुण्यांच्या भाषणाचा एक तास त्याच्या कामाला द्यावा. दार कुठल्या दिशेला, हे तो सांगेल. (आबांच्या खोपडीचं दार दक्षिणेला होतं. एका पोरानं विचारलं, "दक्षिणेला दार कसं चालतं?" आबा म्हणाले, "वारा उत्तरेचा आहे बापा, मंग दार काय त्याच्या तोंडात देऊ?") शेकोटी बाहेर आणि वाऱ्याच्या उलट बाजूला का, हेही तोच सांगेल, कारण कडबा पेटायला एक ठिणगी पुरे. दिवस मावळायच्या आत सगळ्यांचे कपडे कोरडे. शिक्षक रात्रभर तिथेच, 'दहापर्यंत' नव्हे. गाडी हाताशी. १०८ नंबर सगळ्यांना पाठ. ज्याला नको त्यानं शाळेत झोपावं, बिनदिक्कत.

आणि मुलीही. हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण सगळ्यात मोठा विरोध इथे होईल. पालक म्हणतील, लोक काय म्हणतील. मान्य. मुलींची खोपडी वेगळी असू दे, सोबत दोन शिक्षिका असू देत, गावातल्या चार बाया असू देत. पण विदर्भात घरचा कर्ता गेल्यावर नांगरापासून जागलीपर्यंत सगळं ओढणाऱ्या बाया आपण गावोगाव पाहतो. त्यांना रात्री शेतात जायला कोणाची परवानगी लागत नाही, कारण पर्यायच नसतो. त्यांच्या लेकींना मात्र आपण सांगतो, की तू शाळेत थांब. त्या मुलीला मी जे पुटपुटलो होतो, त्याची मला अजून लाज वाटते.

कोणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही दारिद्र्याचं शिबिर करायला निघालात. शेतकऱ्याची अडचण म्हणजे पोरांची सहल आहे का? हा आक्षेप मला खरा वाटतो. एक रात्र खोपडीत काढून 'आम्ही शेतकऱ्याचं दुःख जाणलं' असा स्टेटस टाकणारी पोरं निघतीलच. त्यावर उपाय एवढाच, की त्या रात्री खरंच राखण करायची. आबांनी झोपायचं, पोरांनी जागायचं. सकाळी तूर शाबूत आहे की नाही, हे शेतात जाऊन मोजायचं. एका म्हाताऱ्या माणसाला हिवाळ्यातली एक पूर्ण झोप मिळाली, तर तेवढं श्रमदान मला बंधाऱ्याइतकंच मोठं वाटेल.

आबा आता नाहीत. त्यांची मुलं पुण्याकडे असतात, शेत बटईनं दिलंय. तो पोरगा मात्र गावाकडेच आहे. मध्ये एका लग्नात भेटला. मी ओशाळून विषय काढला, तर हसून म्हणाला, "सर, मी जागलीला जातो ना आता. खाली कडबा टाकल्याबिगर झोपत नाही." मग म्हणाला, "पण कडबा इकत घ्यावा लागते."

बहिणीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिला पुढच्या वर्षी डिसेंबरात पाठवू का रिठदला? तिला कडब्याचं घर बांधायचंय म्हणते." मी म्हटलं, पाठव. म्हटलं खरं, पण रात्री झोप लागली नाही.

आता शिबिराचं काम माझ्याकडे नाही, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत. तरी यंदाच्या शिबिरासाठी एका रात्रीची परवानगी मागणारा अर्ज मी दिलाय, वर लिहिलेल्या सगळ्या अटींसकट. २०१० ची हकीकतही त्यात लिहिलीय, लपवली नाही. त्यामुळे अर्ज बहुधा नामंजूर होईल. झाला तर माझं शेत आहेच. ज्यांचे आईबाप हो म्हणतील, त्या चार-सहा जणांना घेऊन जाईन आणि या वेळी रात्रभर थांबेन.

कडब्याचं मात्र आत्ताच सांगून ठेवलं पाहिजे. माझ्या ओळखीत ज्वारी पेरणारे आता दोनच जण उरलेत.